पानाच्या पाठीवरचं कॅलेंडर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिला तर मी दुपारी डब्यातलं काय उरलं तेसुद्धा सांगतो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. एवढंच कारण आहे.

मला ओळखत नसाल, पण झाळवीरला ओळखता. घरात शाळेत जाणारं मूल असेल तर त्याच्या दप्तरात एखादा अंक सापडेलच. तोंडावर वेल्डिंगचा मुखवटा, बोटांतून ठिणग्या, साकीनाक्याच्या गल्ल्यांतून गुंडांची हाडं खिळखिळी करत फिरणारा. अंकाच्या दुसऱ्या पानावर छापलेलं असतं – चित्रे : बाळकृष्ण. तो बाळकृष्ण मी. झाळवीर माझा नाही.

झाळवीर दिगंबरचा. आम्ही सगळे त्याला दिग्या म्हणायचो. साकीनाक्याला त्याच्या मोठ्या भावाचं वेल्डिंगचं वर्कशॉप होतं, वरच्या माळ्यावर सगळं कुटुंब राहायचं. दिग्या दिवसभर भावाच्या हाताखाली काम करायचा आणि सुटीच्या दिवशी चित्रं काढायचा. चांगला कागद कुठून आणणार? वेल्डिंगच्या रॉडचा व्यापारी दर वर्षी एक मोठं कॅलेंडर द्यायचा – जाड, गुळगुळीत, मागून कोरं. महिना संपला की दिग्या ते पान फाडायचा आणि मागच्या बाजूला झाळवीरचं एक पान काढायचा. जानेवारीपासून ऑगस्टपर्यंत आठ महिने, आठ पानं. मी तेव्हाच अंधेरीला एका कॉमिक्सच्या प्रकाशकाकडे संवादाच्या फुग्यांतली अक्षरं लिहायला होतो. रविवारी दिग्याकडे जायचो, त्याची बायको, शैलावहिनी, पोहे करायच्या, आणि मी त्याच्या पानांवरचे फुगे भरून द्यायचो. हौसेनं. म्हणजे ती आठ पानं कधी आणि कुठे झाली, हे घरच्यांखेरीज एकाच माणसाला माहीत होतं – मला.

त्या दसऱ्याला मीच त्याला आमच्या मालकांकडे घेऊन गेलो. मालकांनी पानं पाहिली आणि त्याला तिथल्या तिथे नोकरीवर ठेवलं. झाळवीर निघाला आणि असा चालला की विचारू नका. मालाडच्या स्टॉलवर अंक सकाळी यायचा आणि दुपारी संपायचा.

मला आनंद झाला होता का? झाला होता. पहिले काही महिने नक्की झाला होता. मग एक दिवस ऑफिसात शाळेची मुलं आली, दिग्याभोवती कोंडाळं करून उभी राहिली, आणि त्यातल्या एकानं मला बाजूला व्हायला सांगितलं. दिग्या दिसत नाही म्हणून. मी झालो बाजूला. असल्या फालतू गोष्टी माणसाच्या लक्षात का राहतात, मला कळत नाही.

दोनेक वर्षांनी मालकांनी झाळवीर एका बिस्किटवाल्याला पुड्यावर छापायला द्यायचं ठरवलं. दिग्या म्हणाला, मला न विचारता कसं? तो माझा आहे, मी नोकरीला लागायच्या आधीचा आहे. मालक म्हणाले, आमच्या पगारावर काढलेलं सगळं आमचं. गोष्ट कोर्टात गेली. भांडण एवढंच होतं – पहिली आठ पानं नोकरीच्या आधीची की नंतरची? आधीची ठरली तर झाळवीर दिग्याचा. नंतरची ठरली तर मालकांचा.

आमच्या ऑफिसची एक पद्धत होती. चित्राचं पान छपाईच्या कॅमेऱ्याखाली वळू नये म्हणून ते जाड पुठ्ठ्यावर चिकटवायचं. हे काम माझ्याकडे. मी घरूनच खळ करून न्यायचो – मैदा शिजवायचा, वाळवी लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद. दिग्याची ती पहिली आठ पानं तेवढी सुटी राहिली होती. कॅलेंडरचा कागद मुळातच जाड, तो वळतच नव्हता.

दिग्याच्या वकिलाची नोटीस आली त्याच आठवड्यात मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ती आठ पानं टेबलावर होती. त्यांनी काही धमकी वगैरे दिली नाही हो. उलट चहा मागवला. मी राहायचो ती खोली त्यांचीच, ऑफिसच्या मागची. माझी मुलगी कोपऱ्यावरच्या शाळेत जायची. ते म्हणाले, "मुलीची शाळा इथून जवळ पडते ना, बाळकृष्ण? बरं आहे. ही पानं पण बाकीच्यांसारखी पुठ्ठ्यावर लावून टाका."

मला सगळं समजलं. ते माझ्याकडे बघत होते आणि मला समजलंय हे त्यांनाही समजलं. पानं घेऊन मी माझ्या टेबलाशी आलो. आठ पुठ्ठे कापले. खळ लावली, पानं ठेवली, वरून बोळ्यानं दाबली, एक बुडबुडा राहू दिला नाही. काम मी नेहमीच व्यवस्थित करतो.

खोलीमुळे केलं असं मी स्वतःला कित्येक वर्षं सांगत आलो. म्हातारी आई, बायको, मुलगी, यांना घेऊन कुठे जाणार होतो? पण इथे निदान खोटं बोलू नये. केबिनमधून बाहेर पडताना मालक आणखी एक गोष्ट म्हणाले होते. हे सगळं मिटलं की चित्रं तुम्हीच काढायची. त्या क्षणी छातीत जे झालं – तो आनंद होता. खोलीची आठवण मला नंतर झाली.

कोर्टात दिग्यानं मला त्याचा साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. त्याचा! इतका भरवसा. त्याच्या वकिलानं सांगितलं, या पानांच्या पाठीवर कॅलेंडर आहे, ते नोकरीआधीच्या महिन्यांचं आहे. नुसत्या कॅलेंडरनं फारसं सिद्ध झालं नसतं म्हणा, जुन्या कॅलेंडरवर कुणीही नंतर चित्र काढू शकतो. पण कॅलेंडर आणि माझा शब्द, दोन्ही मिळून पुरेसं होतं. मालकांचा वकील म्हणाला, पान उचकटलं तर मूळ चित्र फाटेल. तेव्हा जज्जसाहेबांनी मलाच विचारलं. पानं तुम्ही चिकटवलीत, मागे काय आहे?

मी म्हणालो, "कोरा कागद आहे, साहेब. आमच्या ऑफिसातलाच."

आवाज अजिबात कापला नाही. कापायला हवा होता, नाही? पुढे त्यांनी पानं कुठे झाली ते विचारलं, आणि तेही मी ऑफिसात म्हणून सांगितलं. आधी दिग्या हसल्यासारखं करून माझ्याकडे बघत होता, मी गोंधळलोय असं समजून. मग तो बघायचा थांबला. मालक केस जिंकले.

जिन्यात मी त्याला टाळून उतरत होतो. त्यानं हाक मारली नाही, नुसता वाटेत उभा राहिला. शिवी देईल, थोबाडीत मारेल, काहीतरी करेल असं वाटलं. तो एवढंच म्हणाला, "मोरचुदाची निळी झाक होती रे पुठ्ठ्याच्या कडेला. तुझी खळ ना?"

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मला आजही सांगता येणार नाही.

त्या निकालानंतर सगळ्याच प्रकाशकांनी एक कागद टाइप करून घेतला. चित्रकार घरी काढो, दारी काढो, सगळं मालकाचं. नवीन पोरं वाचतसुद्धा नाहीत, खाली सही ठोकतात. निकाल उलटा लागला असता तर? अंकावर दिग्याचं नाव असतं, प्रत्येक चित्रकाराचा वीर त्याचा त्याचा असता, आणि मी फुगे भरत बसलो असतो. अक्षर माझं खरंच चांगलं होतं.

दिग्याला मग कुणी काम दिलं नाही. झाळवीर काढायला तर कोर्टाचीच मनाई. एकदा साकीनाक्याला तो शिडीवर उभा राहून एका दुकानाची पाटी रंगवताना दिसला. पाय ओळखीचे वाटले म्हणून मी वर पाहिलं. मग रस्ता ओलांडून पलीकडून गेलो.

आणि मी दर महिन्याला झाळवीर काढतो. मुखवट्याच्या फटीतून दिग्याच्या झाळवीरचे डोळे दिसायचे. मला ते कधीच जमले नाहीत, म्हणून मी ती फट काळी करून टाकली. सुरुवातीला वाचकांची पत्रं यायची, आता येत नाहीत. सोडून द्यावं असं वाटत नाही का? वाटतं. पण ही खोली सुटेल, आणि दुसरीकडे गेलो तर म्हणतील, झाळवीरसारखं काहीतरी काढून दाखवा.

गेल्या महिन्यात कपाट आवरताना ते पुठ्ठे हाती लागले. एक मी पिशवीत घालून घरी आणला. रविवारी दुपारी परातीत पाणी घेतलं आणि पुठ्ठा त्यात बुडवला. बायकोनं काय भिजवलंय विचारलं, मी म्हणालो जुना कागद. मैद्याची खळ, तासाभरात सुटली. चित्राला धक्का लागला नाही. म्हणजे कोर्टातही लागला नसता.

पान उलटं केलं. जुलै. एका तारखेला पेन्सिलनं गोल केलेला आणि शेजारी दिग्याच्या अक्षरात बारीक लिहिलेलं – सोनी झाली. त्याची मुलगी. तिच्या बारशाला मी गेलो होतो, झबलं घेऊन. ती आता माझ्या मुलीच्याच शाळेत जाण्याच्या वयाची असेल.

पान दोरीवर वाळत घातलं. संध्याकाळपर्यंत मी त्याच्याकडे बघत बसलो. साकीनाका काही लांब नाही. बसनं अर्धा तास.

मग मी मैदा शिजवला. मोरचूद टाकला. पान त्याच पुठ्ठ्यावर परत चिकटवलं, बोळ्यानं दाबलं, आणि सोमवारी नेऊन कपाटात जागच्या जागी ठेवलं.