भाऊ, वहिनी आणि चमचाभर तेल

भाऊ गेल्याचा फोन आमच्या शेजारी आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. धरणगावहून त्याच्या घरमालकांनी केला होता. सकाळी दूधवाल्याने हाका मारल्या, आतून ओ आली नाही. दार तोडलं तेव्हा तो अंथरुणातच शांत झालेला होता... महिना उलटून गेला. भेटायला येणारे त्याच्या गणित शिकवण्याबद्दल बोलतात, शाळेतल्या दराऱ्याबद्दल बोलतात. मला मात्र माझा हा थोरला भाऊ आठवतो तो गॅससमोर उभा, घामाने डबडबलेला, हातात उलथनं धरलेला.

पन्नाशीपर्यंत त्याने स्वतःचा चहासुद्धा केला नव्हता. नव्वद सालच्या आसपास वहिनीला हृदयाचा झटका आला. तिला जळगावच्या दवाखान्यात ठेवलं आणि भाऊ माझ्याकडे उतरला. डॉक्टरांनी तिचं तेल जवळजवळ तोडलं होतं आणि इतक्यात स्वयंपाकाला उभं राहायचं नाही असंही बजावलं होतं. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्या संध्याकाळी तो माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबला आणि म्हणाला, "मला भाजी शिकव. कमी तेलाची." पहिल्या दिवशी त्याने धुतलेला कोबी तसाच ओला कढईत लोटला, वर झाकण ठेवलं आणि समोर आलं ते पांढरं, पचपचीत काहीतरी. मग मी सांगत गेले, तो शिकत गेला. भाजी धुऊन फडक्यावर कोरडी करायची, सारखी चिरायची. कढई आधी चांगली तापू द्यायची, म्हणजे चमचाभर तेल पुरतं. मोहरी तडतडली की ठेचलेला लसूण, मिरची, आणि मग भाजी थोडी थोडी टाकून मोठ्या आचेवर परतत राहायची. झाकायची नाही, मीठ शेवटी. फ्लॉवरला दाताखाली कुरकुर राहिली तेव्हा गणित सुटल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

वहिनी धुळ्याची. तिच्या शेवभाजीवर बोटभर लाल तर्री असायची आणि पाहुणे ती मागून मागून खायचे. असली कोरडी भाजी तिच्या लेखी आजाऱ्याचं खाणं, आणि नवऱ्याने चुलीपुढे उभं राहणं ही तर त्याहून मोठी नामुष्की. घरी गेल्यावर ती स्वयंपाकघराबाहेर खुर्ची टाकून पाठ करून बसायची. शेजारणी आल्या की त्याला आतलं दार लोटून घ्यायला लावायची. पण ताटात पडलं ते खायची. हळूहळू चेहऱ्यावर रंग आला, जिना चढू लागली. डॉक्टरांनी भाऊची पाठ थोपटली. भाजी कशी झाली हे मात्र तिने कधी सांगितलं नाही. एकदा लसूण करपायला लागला तेव्हा मुकाट्याने उठली, आच कमी केली आणि पुन्हा जाऊन बसली. भाऊ मला हे सांगताना किती खुलला होता...

दुसऱ्या हिवाळ्यात भरताची वांगी आली. गल्लीत कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजल्याचा वास सुटला. मी तेव्हा त्यांच्याकडे गेले होते. वहिनी भाऊला म्हणाली, "एकदाव माले तेलनं भरीत करी द्या." तिच्याशी तो तिच्याच बोलीत बोलायचा. "तू पक्की बरी व्हय," तो म्हणाला, "पुढला हिवाळाले करी देसू." तिने पुन्हा मागितलं नाही. होळीच्या आधीच ती गेली. दहाव्याला धुळ्याहून आलेली तिची बहीण सगळ्यांदेखत रडत म्हणाली की आमच्या अक्काला शेवटी मनासारखा घासही मिळाला नाही. भाऊ खाली मान घालून बसून राहिला. त्यानंतर तो धुळ्याला कधी गेला नाही.

शेवटची भेट यंदाच्या दिवाळीनंतरची. मी धरणगावला गेले होते. बोलता बोलता त्याने मध्येच विचारलं की भरीत दिलं असतं तर ती आधी गेली असती का. मी म्हटलं, ते कुणाला सांगता येणार? तू डॉक्टरांनी सांगितलं तेच केलंस, त्यात तुझी काय चूक?

"डॉक्टरांनी सांगितलं होतं, तिनेही सांगितलं होतं," तो म्हणाला. "मी एकाचंच ऐकलं."

तो उठला, गवार मोडून ठेवलेली होती ती घेतली, कढई तापत ठेवली आणि चमचाभर तेल घातलं. त्याची तब्येत ठणठणीत होती. कुणी त्याला कसलं पथ्य सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "भाऊ, घाल की अजून थोडं, आपण दोघंच तर आहोत."

त्याने तेलाच्या भांड्यावर झाकण ठेवलं. "नको," म्हणाला, "आता माझ्या घशाखाली उतरत नाही."