एक नग ओंडका, आतून पोकळ

“थांबा!” मी ओरडले तेव्हा गोरेंचा हातोडा खांद्याच्या वर गेला होता. खाली माझ्या टेबलावर एक नवीकोरी गिटार आडवी पडली होती आणि तिच्यावर दोन्ही हात पसरून इरफानभाई वाकले होते.

“मॅडम, इसकू मत मारने दो! फट जाएगी!”

“मॅडम, नगाला हातोडा लागतोच,” गोरे शांतपणे म्हणाले. “त्याबिगर दाखला कसा देणार?”

गोरे आमचे वनरक्षक. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेली, माणूस सरळ. इतका सरळ, की नियमाच्या वाटेत भिंत आली तर ते भिंतीला वळसा घालणार नाहीत. मी तेव्हा वनक्षेत्रपाल होते. वनखात्यात ‘पासिंग हातोडा’ नावाची एक वस्तू असते. तिच्या तोंडावर उलटी अक्षरं कोरलेली असतात. ओंडक्याच्या टोकावर दणकून मारलं की खात्याचा ठसा उमटतो. ठसा असेल तर माल कायदेशीर, नसेल तर चोरीचा. शेकडो वर्षांच्या सागाला ही पद्धत मानवते. गिटारची पाठ मात्र वहीच्या पुठ्ठ्याएवढी पातळ असते.

आता ही गिटार माझ्या टेबलावर आलीच कशी, ते सांगते.

इरफानभाईंचं घर शहराच्या कडेला, पडेगावला. वडील, म्हणजे अब्बा, जुने सुतार. त्यांनी अंगणात लावलेलं शिसमचं झाड दुष्काळात वाळलं. तेव्हा तिकडे सगळ्या बोअरनी माना टाकल्या होत्या, आणि तरीही दर महिन्याला नवी अपार्टमेंट उभी राहत होती. टँकर एका बाजूनं यायचे, सिमेंटचे ट्रक दुसऱ्या बाजूनं. झाड रीतसर परवानगीनं तोडलं. त्या लाकडातून इरफानभाईंनी ही गिटार केली. पाठ, बाजू आणि मान, सगळं अंगणातल्या शिसमचं. बाकी भाऊबंद सोफे करत होते आणि हा गिटार करतो म्हणून अब्बांनी त्यांच्याशी त्या विषयावर बोलणंच टाकलं होतं. एवढंच म्हणाले होते, “स्टेज पे बजेगी तब बोलूंगा.”

स्टेजवर वाजवणारा होता शहरातल्याच सिडको भागातला गिटारवादक संकेत. पण त्याचा आधी परदेशात कार्यक्रम होता, मग परतल्यावर आपल्या शहरात. आणि नेमकी त्याच सुमारास शिसमच्या जातीवर जगभर बंधनं आली होती. शिसमची वस्तू देशाबाहेर न्यायची तर ती कायदेशीर झाडाची आहे, असा दाखला हवा. झाड आमच्या हद्दीतलं. म्हणून इरफानभाई आमच्याकडे आले.

“ठसा हवाच असेल तर जाड जागी मारू,” मी म्हणाले. “कुठे जाड आहे?”

इरफानभाईंनी कासावीस होऊन गिटारचं डोकं दाखवलं, जिथे तारा पिळायच्या खुंट्या असतात.

“मंग व्हय, कानच की हा,” गोरेंचा चेहरा उजळला. “आमच्यातबी मेंढराला खूण कानालाच करत्यात.”

खाली उशी ठेवली. इरफानभाईंनी डोळे मिटले. गोरेंनी आयुष्यात पहिल्यांदाच हातोडा हलका मारला. सगळ्या तारा एकदम झणकारल्या, आणि शेजारच्या खोलीतला क्लार्क दचकून बाहेर आला.

पुढचा प्रश्न मोजमापाचा. आम्ही लाकूड मोजतो ते लांबी आणि मधली गोलाई धरून.

“मॅडम, मधली गोलाई म्हंजी कमरंची का पोटाची?” गोरेंनी टेप हातात धरून विचारलं.

कमरेची घेतली. पण त्या हिशेबानं आतली सगळी हवासुद्धा शिसम ठरत होती. सुदैवानं पोकळ ओंडक्यासाठी वजावटीची सोय असते. ती केली. मग आला ‘मालाचा प्रकार’ हा रकाना. त्यात पर्याय होते: ओंडका, फळी, बल्ली, सरपण, कोळसा.

“सरपण लिहू का?” गोरे म्हणाले.

इरफानभाईंच्या तोंडचं पाणी पळालं. मी लिहायला सांगितलं, ‘ओंडका, एक नग, आतून पोकळ.’ उपवनसंरक्षक साहेबांनी, म्हणजे माझ्या वरिष्ठांनी, ‘पोकळ’ शब्दाखाली रेघ मारली, मान डोलावली आणि सही केली. नियमानं पाहिलं तर काही चुकलं नव्हतं.

जाताना काही अडचण आली नाही. परदेशातल्या अधिकाऱ्यानं कागद पाहिला, कानावरचा ठसा पाहिला आणि हसून सोडून दिलं. अडचण परत येताना आली. संकेतचा मुंबई विमानतळावरून फोन आला.

“मॅडम, हे विचारतायत, साल काढलीय की सालीसकट आहे?”

“कशाची साल?”

“ओंडक्याची.”

परदेशातून ओंडका आणायचा तर त्याला कीड नसल्याचा दाखला लागतो आणि गॅसची धुरी दिलेली लागते. मी तिथल्या अधिकाऱ्याशी बोलले.

“अहो, समोर गिटार दिसतेय ना तुम्हाला?”

“दिसतेय. पण कागदावर ओंडका आहे, आणि खाली तुमच्या खात्याची सही आहे. मी गिटार म्हणून सोडला तर उद्या लोक गिटारच्या नावानं जंगल आणतील.”

माणूस चुकत नव्हता, हाच तर वैताग होता. त्यानं एक वाट दाखवली. ओंडक्याचं गिटारमध्ये रूपांतर झाल्याचा दाखला तुम्हीच द्या. मी साहेबांकडे पळाले.

“रूपांतर कुठल्या आरागिरणीत झालं?” साहेबांनी विचारलं.

“कुठल्याच नाही, साहेब.”

“घट किती?” लाकूड कापताना भुशात जातं त्याला घट म्हणतात.

“शून्य.”

“शून्य घट? एवढ्या ओंडक्याचा भुसा गेला कुठे? हे प्रकरण संशयास्पद आहे.”

“साहेब, ती पहिल्यापासून गिटारच होती.”

“मग ओंडका कोण म्हणालं?”

“आपण. सही आपली आहे.”

साहेबांनी पंख्याकडे पाहिलं. “धुरीच देऊ द्या त्यांना,” ते म्हणाले.

धुरी, तपासणी, पुन्हा तपासणी. गिटार मुंबईतच अडकलेली, आणि शहरातल्या कार्यक्रमाचा दिवस येऊन ठेपला. संकेत मित्राची कारखान्यातली प्लायवूडची गिटार घेऊन स्टेजवर बसला. इरफानभाईंनी त्याचे हात धरले होते, “अब्बाकू कुछ मत बोलना.” अब्बा पुढच्या रांगेत, शेजारी इरफानभाई, मागे मी आणि गोरे. संकेतनं वाजवायला सुरुवात केली. अब्बा मान हलवत राहिले. मग मुलाकडे वळून मोठ्यानं म्हणाले, “हौ! अपना शिसम है. क्या बोलरा देख!”

इरफानभाई मान खाली घालून रडले. मला माझ्या सगळ्या शिक्क्यांची मनापासून लाज वाटली. गोरे पुटपुटले, “लई वंगाळ झालं, मॅडम.”

कार्यक्रम संपल्यावर इरफानभाई रिक्षा आणायला गेले. अब्बा माझ्या शेजारी काठी टेकवून उभे होते.

“मॅडम, वो प्लाय था ना?”

“तुम्हाला कळलं?”

“उम्रभर रंदा मारे हम. शिसम पेट से बोलता. ये गले से बोलरा था.”

“मग तुम्ही त्यांना असं का सांगितलं?”

“लडका बाजू में डर के बैठा था. मैं क्या उसका इम्तिहान लेता?” ते म्हणाले. “शिसम कहां जाता? आ जाएगा.”

आलं. औषधाचा वास घेऊन, पण आलं. संकेतनं पडेगावला जाऊन अब्बांच्या खोलीतच ते वाजवलं. इरफानभाई माझ्या हापिसात येऊन तक्रार करून गेले, “मॅडम, असली वाली बजी तो अब्बा कुछ बोलेच नै. मैं पूछा, कैसी है? बोले, उस दिन बोला ना, अच्छी है, कितनी बार बोलूं? बस संकेतकू रातभर उठने नै दिए. और एक बार, और एक बार.”

खरी गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. ती सांगायचा परवाना माझ्याकडे नव्हता.

संकेत हल्ली परदेशी जाताना प्लायवूडची गिटार नेतो. तिला कुणी काही विचारत नाही. शिसमची पडेगावलाच असते आणि सुट्टीत तो ती वाजवायला जातो. मधल्या काळात नियमही बदलले, तयार वाद्यांना सूट मिळाली, तरी ती तिथेच राहिली. निवृत्तीनंतर मला कधीमधी नव्या वनरक्षकांपुढे बोलायला बोलावतात. ती पोरं वन्यजीव, वणवा, असलं काहीतरी ऐकायला बसलेली असतात. मी त्यांना एवढंच सांगते, की अर्जात योग्य रकाना नसेल तर पट्टी घ्या आणि हातानं नवा आखा.