मोठं दार उघडलं तेव्हा

इंदापूरच्या पेठेतल्या आमच्या घराचं रस्त्याकडचं दार जपायच्या जुन्या वास्तूंच्या सरकारी यादीत आहे. घर आमचं, पण दाराची चौकट कापायची नाही, रंग फासायचा नाही, साधा खिळाही ठोकायचा नाही. येणंजाणं सगळं दिंडीतून, म्हणजे मोठ्या दाराच्या एका फळीतच असलेल्या छोट्या दारातून, कमरेत वाकून. मोठं दार उघडायचं ते लग्नात, नाहीतर तिरडी निघताना. लग्नं कार्यालयात व्हायला लागल्यापासून उरली फक्त तिरडी. मी ते दोनदाच उघडलेलं पाहिलं होतं, आणि दोन्ही वेळा, खरं सांगते, रडायचं सोडून भिंतीतून सरकणाऱ्या त्या लांबलचक अडसराकडेच बघत बसले होते. तो मुळात आत घातला कसा असेल, हे मला अजून कळलेलं नाही.

गेल्या वर्षी आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. बारामतीच्या दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी बजावलं, अजिबात वाकायचं नाही. आणि तिची चाकाची खुर्ची नेमकी दिंडीपुढे येऊन अडली.

"मोठं दार उघडूया, आबा," मी म्हटलं. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. घरात त्यांचा शब्द शेवटचा.

"आजारी माणसासाठी ते उघडायचं न्हाय. तिला मळ्यातल्या घरी न्या."

माझं डोकंच फिरलं. भर उन्हात बाई रस्त्यात बसलीय आणि हे शकुन बघतायत.

आईच बोलली. "आबा, ह्याच दारातनं तुमी मला वाजतगाजत आणलीत. मी माझ्याच घरात जाणार. न्हायतर बसते हितंच."

आबांनी अडसर ओढला. आम्ही खुर्ची उचलून उंबऱ्याच्या आत घेतली. वारा बरा लागतोय म्हणून आई तिथंच थांबली आणि दार तसंच उघडं राहिलं. तीच आमची चूक.

अर्ध्या तासात समोरचे शिंपीकाका खांद्यावर पंचा टाकून, तोंड पाडून आले.

"कोण गेलं?"

"कुणी न्हाय. मी आले," आई म्हणाली.

मग रीघच लागली. एकानं तर बांबूची चौकशीही करून ठेवली होती. फोनाफोनी होत बातमी लासुर्ण्याला मावशीपर्यंत पोचली. ती आईची धाकटी बहीण. माहेरच्या जमिनीवरून दोघींचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं, दवाखान्यातही ती फिरकली नव्हती. जीपमधून उतरली ती टाहो फोडतच, "आक्के, मला न भेटताच गेलीस की गं," आणि दारात आईला बघून थिजली.

"मेल्यावर च्या कुणी पाजला असता तुला?" आई म्हणाली. "ये. बस."

मावशी तिच्या पायाशी बसली आणि तिचा हात धरून हमसाहमशी रडली. आईचेही डोळे भरले होते.

दिवेलागणीला आबा दार लोटायला उठले.

"ऱ्हाऊ द्या, आबा," आई म्हणाली. "अजून कोण कोण येतंय, बघू तरी द्या मला."