पितृत्व रजेचे दहा दिवस

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. खरं तर बोलका म्हणून माझी ख्याती — चहाच्या टपरीवर मी रंगात आलो की माणसं कामाला जायचं विसरतात. पण ही एक गोष्ट बारा वर्षं गिळून बसलोय. कुठून सुरू करू? रजेपासूनच करतो.

मी आंबीच्या एका कारखान्यात सुपरवायझर. मला मुलगी झाली त्याच वर्षी कंपनीने बाप होणाऱ्यांसाठी रजा काढली. खासगी कंपनीवर तशी कायद्याची सक्ती नव्हती. केंद्र सरकारच्या नोकरांना पंधरा दिवस मिळायचे, आमच्या साहेबांनी आपणहून दहा दिले. भरपगारी, पहिल्या दोन मुलांपुरते, बाळ सहा महिन्यांचं व्हायच्या आत, एकदमच घ्यायचे, दवाखान्याचा कागद जोडायचा. पहिला अर्ज कुणाचा? माझा. साहेबांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली.

आता गंमत बघा. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे माझी बायको सुनंदा तिकोणा पेठ गावी आईवडिलांकडे. जावयाने सासुरवाडीत दहा दिवस बसून करायचं काय — लंगोट वाळत घालायचे? असं मी स्वतःला ऐकवलं. खरं कारण वेगळंच होतं. त्याच दिवसांत मळवलीला टेनिस चेंडूच्या क्रिकेटची मोठी स्पर्धा होती, आणि माइक माझ्या हातात होता.

तुम्ही कधी समालोचन केलंय? मैदानाभोवती ट्रॅक्टर, जीपच्या टपावर माणसं, आणि आपल्या एका वाक्यावर सगळे उभे. ‘चेंडू निघाला एक्स्प्रेसवेकडं, आता टोल भरूनच परत येईल’ — असं म्हटलं की शिट्ट्याच शिट्ट्या. अंगावर काटा यायचा हो. आजही येतो.

सुनंदाला सांगितलं, कंपनीत असली रजाबिजा नसते. कंपनीला सांगितलं, बायकोजवळ आहे. दोन्हीकडे काय सफाई — मला माझंच कौतुक वाटलं.

पाचव्या दिवशी फोन आला. बाळ पिवळं पडलं होतं. सासऱ्यांनी दोघींना टेंपोत घालून कामशेतच्या दवाखान्यात नेलं होतं, पोरीला दिव्याखाली ठेवलं होतं. इकडे उपांत्य सामन्याचं शेवटचं षटक. “येता का?” सुनंदा म्हणाली, “मला लय भ्या वाटतंय.” मग थांबून, “मागं कसला आवाज?” मी म्हणालो, मशीन. लाइन चालू आहे, सोडता येत नाही.

“बरं मग, ऱ्हाऊ द्या.”

मळवलीहून कामशेत किती लांब? पुढचंच स्टेशन. मी माइक परत तोंडाला लावला — आणि त्या दिवशी मी फार छान बोललो, लोक अजून आठवण काढतात.

पोरगी बरी झाली. आणि मी? कंपनीत मी या विषयातला जाणकार झालो. कुणी बाप होणार म्हटलं की साहेब त्याला माझ्याकडे धाडायचे. अर्ज कसा लिहायचा ते सांगायचोच, वर टॉवेलची गुंडाळी खांद्यावर घेऊन बाळाचा ढेकर कसा काढायचा तेही दाखवायचो. बाप्ये डोळे पुसत जायचे. घरी सुनंदा त्याच कंपनीचा उद्धार करायची — बाळ दवाखान्यात असताना बापाला एक दिवस सोडलं नाही म्हणून. कंपनीच्या स्नेहसंमेलनाला कधी यायची नाही. मला ते किती सोयीचं होतं, सांगू?

यंदा मुलीला तिथे चित्रकलेचं बक्षीस होतं. सुनंदा आली. साहेब हौसेने पुढे झाले, म्हणाले, वहिनी, दहा दिवस रजा घेऊन बाळंतिणीच्या उशाशी बसलेला आमच्याकडचा पहिला माणूस हा. मी ताटातल्या जिलबीकडे बघत राहिलो.

“व्हय साहेब,” सुनंदा म्हणाली. “जाग्यावरनं हलले न्हाईत.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

घरी येताना मुलगीच बोलत होती. त्याला आता दोन महिने झाले. सुनंदाने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. ती एका अनोळखी दवाखान्यात, पिवळ्या पडलेल्या पोरीपाशी, पाच दिवसांची बाळंतीण बसली होती. मला रजा होती.