मी अळ्यांचं ताट घासलं

जिवंत अळ्यांचं भरलेलं ताट मी साबणाने घासून टाकलं आणि वर पदराला हात पुसत ऐटीत उभी राहिले. एम.एस्सी. झूलॉजी, लातूरच्या कोचिंग क्लासमधली नवी मॅडम. अक्कल सोडून सगळं होतं माझ्याकडे.

भूकंपानंतरची ती वर्षं. पडलेली घरं अजून उभी राहत होती, क्लासेस मात्र गल्लोगल्ली उगवले होते. आमच्या क्लासच्या सरांनी मुलांच्या आईवडिलांची मीटिंग ठरवली.

"मॅडम, चार्ट सगळेच दाखवतात. आपण लाइव्ह लाइफ सायकल दाखवू. जमलं तर तुम्ही परमनंट. न्हाई जमलं तर बघू."

ते ‘बघू’ मला चांगलंच चावलं.

निलंग्याची सलमा माझी विद्यार्थिनी. तिने घरच्या पडलेल्या कुंपणाचा दगड आणला, त्यावर केसाळ अळ्या. दगडावर करडे-हिरवे पापुद्रे. शी! मी अळ्या बाजूला केल्या, साबण लावून ब्रशने दगड लख्ख घासला, अळ्या परत ठेवल्या आणि पुढ्यात घरची निवडलेली मेथी वाढली.

"मॅडम, दगड लई गोरा केलात," सलमा म्हणाली. "पण ह्या खाऊन नाही राहिल्या."

"नव्या आहेत. लाजतात."

मग तुती दिली, कोबी दिला. अळ्या ढिम्म. दोन मेल्यासुद्धा.

घरी सासूबाई काळ्या मसाल्याचं सामान निवडत होत्या. सुपात तोच करडा पापुद्रा! दगडफूल. पुस्तकातलं लायकेन, म्हणजे बुरशी आणि शेवाळाचा एकत्र संसार. परीक्षेत मी त्यावर पानभर उत्तर लिहिलं होतं. दगडावर दिसलं, तर ओळखलं नाही; अळ्यांचं जेवणच घासून टाकलं.

मूठभर उचललं आणि क्लासकडे पळाले. पाणी शिंपडून दिलं. अळ्या लग्नाच्या पंगतीला बसल्यासारख्या तुटून पडल्या. पुढे सुपातलं उरलेलंही मी हळूहळू लांबवलं.

पोट भरल्यावर एकेकीने अंगावरचेच केस घेऊन जाळीचा पिंजरा विणला आणि आत कोष करून टांगून घेतलं. मीटिंगच्या सकाळी पतंग बाहेर आले. पांढरेशुभ्र पंख, आडवे लाल पट्टे, मध्ये काळे ठिपके.

"हे आपल्याकडचं पाखरू हाय?" एका वडिलांनी विचारलं.

"हाव, आमच्या कुंपणाचं," सलमा ताठ मानेने म्हणाली.

सर माझ्याकडे बघून हसले. परमनंट!

तेव्हापासून एखादं पोरगं वर्गात शिकेना झालं, की मी आधी बघायचे, आपण त्याचा दगड तर घासला नाही ना.

पेढे घेऊन घरी गेले. सासूबाईंनी एक तोंडात टाकला आणि रिकामं सूप माझ्यापुढे धरलं.

"पाखरं झाली, नोकरी झाली, लई ब्येस झालं. आता मसाल्यात काय घालू, तुझी मेथी?"