कलेजीच्या पेशीत कोण कुठं राहतं

मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात गेला, त्या सुमारास मी हैदराबादला जीवरसायनशास्त्र शिकत होते. दिवाळीला जालन्याला घरी आले, तर बदनापूरचे शेतीवाले पाहुणे मला बघायला येणार असं ठरलेलं. आईनं आत नेऊन बजावलं, "कलेजीचं बिलकुल नाव काढू नको. त्यांच्याकडं कांदासुद्धा चालत न्हाई."

पोहे झाले. मुलगा खाली मान घालून बसलेला, जणू आम्हीच त्याला बघायला गेलो होतो. त्याच्या आईनं मात्र बशी बाजूला ठेवून मला सरळ विचारलं, "तिकडं दिवसभर काय करतीस, माय?"

मला खोटं बोलवेना. "बकऱ्याची कलेजी वाटते," मी म्हणाले.

माझे वडील खिडकीबाहेर बघायला लागले. आईनं डोळेच मिटले.

"वाटून मंग काय करतीस?" बाई पुढं सरकल्या.

मग मी सगळंच सांगून टाकलं. बर्फात गार केलेल्या साखरेच्या पाण्यात कलेजी अलगद वाटायची. पेशी फुटतात, पण त्यांच्या आतले बारीक कण शाबूत राहतात. ते पाणी यंत्रात गरागरा फिरवलं की जड गाळ आधी तळाशी बसतो. आणखी जोरात फिरवलं की मायटोकॉन्ड्रिया नावाचे कण बसतात आणि वर नितळ पाणी उरतं. प्रथिनं ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांची मोडतोड, अदलाबदल करणारी एन्झाइमं असतात. त्यातलं कोणतं कुठल्या थरात, ते आम्ही शोधतो.

"म्हणजे कोण कुठं राहतं ते."

"बराबर."

"सापडलं का?"

"एक फक्त कणांतच सापडलं. दुसरं कणांतही अन् पाण्यातही. आधी वाटलं, माझ्याच हातनं कण फुटले. परत परत करून बघितलं. दोन्हीकडं आहेच ते."

बाई खळखळून हसल्या. "माहेरी बी अन् सासरी बी! शहाणं हाय." मग माझ्या वडलांकडं वळल्या. "असलं काम अर्धवट सोडून लग्नाची कसली जल्दी करून राह्यलात? पुरं होऊ द्या. आमचा पोरगा कुठं पळून चाललाय?"

पोरगा तेव्हा पहिल्यांदा वर बघून हसला. तेवढ्यावरच तो मला आवडला.

परीक्षा झाली, निकाल चांगला लागला आणि मग जालन्यातच त्याच्याशी लग्न झालं. लग्नानंतरही प्रयोगशाळेतलं माझं काम चालूच राहिलं. पुढं एकदा सासूबाई हट्टानं हैदराबादला आल्या. नाकाला पदर लावून प्रयोगशाळेत शिरल्या, फिरत्या यंत्राच्या झाकणावर तळहात ठेवून त्याची थरथर बघितली. मी कण हिरवे रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरले.

"अगं बाई! राजूरच्या गणपतीला चतुर्थीची गर्दी लोटावी तसं झालंय हे!" त्या ओरडल्या.

नाकावरचा पदर कधीच सुटला होता. आमचे प्राध्यापक आपली बघायची पाळी येईल म्हणून त्यांच्या मागं उभे होते, पण त्या काही जागच्या हलल्या नाहीत.