गाय नसलेलं दावं

चवथ जवळ आली, गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या फळाफुलांनी बाजार भरला, की ती घटना हटकून आठवते. नोकरी सोडून पुष्कळ वर्षं झाली. चोऱ्या, मारामाऱ्या, खाणीच्या ट्रकांचे अपघात, सगळं हळूहळू धूसर होत चाललंय. हे एक प्रकरण मात्र कालच घडल्यासारखं लख्ख आहे.

गोवा घटक राज्य होऊन थोडी वर्षं झाली होती. मी डिचोली भागात पोलीस निरीक्षक होतो. चवथीच्या आधीचे दिवस ठाण्यात धावपळीचे असतात. बाजारात गर्दी, वाहतुकीचा बोजवारा, दारूकामाच्या परवान्यांची कटकट. अशा एका सकाळी इब्रामपूरची एक बाई ठाण्यात येऊन उभी राहिली. चाळिशीची, शेतावरची, पायाला चिखल तसाच. ठाणे अंमलदाराने तक्रार विचारली. ती म्हणाली, "मावशी चवतीक येना म्हणता."

अंमलदार हसला. मावशीला आणायला पोलीस पाठवू का, असं त्याने विचारलं. बाई हसली नाही. ती तशीच माझ्या खोलीच्या दाराशी आली आणि म्हणाली, "सायब, चवतीक घरा येना म्हणपी मनीस तुमी खंय पळयलो आसा?"

मी मूळचा पेडण्याचा. तिचा प्रश्न मला थेट लागला. असा माणूस मीही कुठे पाहिला नव्हता. आमच्याकडे मुंबईला गेलेला माणूस लग्नाला येणार नाही, बारशाला येणार नाही, पण चवथीला घरी आल्याशिवाय राहणार नाही. भावाभावांत कोर्टकज्जे चालू असले, तरी गणपतीपुढे दोघं एकाच पाटावर बसतात. तेव्हा चवथीला नको म्हणणारी म्हातारी हा विनोद नव्हता. मी बाईला खुर्ची दिली.

हकीकत अशी. मावशीला मूलबाळ नव्हतं, नवरा कधीच वारला होता. उभा जन्म ती डिचोलीच्या बाजारात फुलं विकत होती. गुडघे धरले तशी भाचीने तिला घरी नेलं, पण भाचीचं घर डोंगराच्या उतरणीवर, पायऱ्यांचं. मावशी स्वतःच म्हणाली की मला डिचोलीजवळ कुठेतरी ठेव. मये आणि सर्वणच्या मधल्या पट्ट्यात एक खासगी वृद्धाश्रम निघाला होता. तिथे ती राहू लागली आणि पहिलं वर्ष आनंदात होती. पुढे भाचीला भेटीला दारातून परत पाठवू लागले. झोपल्या आहेत, तब्येत नाजूक आहे, पुढल्या खेपेला या. या वेळी चवथीला न्यायला आले आहे म्हणून ती हटून बसली, तेव्हा मावशीला बाहेरच्या खोलीत आणून बसवलं. शेजारी व्यवस्थापक. मावशीने पाय चादरीत गुंडाळून घेतले होते. येणार नाही म्हणाली आणि सगळा वेळ जमिनीकडे बघत राहिली.

मी भाचीला जीपमध्ये घातलं आणि निघालो. तेव्हा अजून गुन्हा काही दिसत नव्हता. सहज चौकशी, एवढंच माझ्या मनात होतं.

आश्रम नीटनेटका होता. पुढे तुळस, लाल फरशी, भिंतीवर सुविचार. व्यवस्थापक पन्नाशीचा, गोड बोलणारा, शुद्ध मराठीत. त्याने आम्हाला चहा दिला आणि मी काही विचारायच्या आत म्हणाला, "इथे कुणाला काही कमी नाही, साहेब." नोकरीत मी एक शिकलो आहे. प्रश्नाआधी उत्तर आलं, की ते उत्तर बाजूला ठेवायचं आणि प्रश्न शोधायचा.

त्याने सगळं दाखवलं. स्वयंपाकघर, औषधांचं कपाट, देवघर. मागच्या पडवीत दोरीवर धुणं वाळत होतं. लुगडी, पंचे, आणि लुगड्यांच्या फाडलेल्या लांबलांब पट्ट्या. फरशी पुसायची फडकी असतील म्हणून मी पुढे गेलो.

मावशी खाटेवर पडून होती. सुरकुतलेली, पण डोळे तरतरीत. मी तिची विचारपूस केली, तर माझ्याकडे न बघता पुटपुटली, "दावें सोड गो. पाय दुखता."

व्यवस्थापक समजुतीने हसला. "दिवसभर हेच. मनातल्या मनात गुरं राखत असतात. डॉक्टरही म्हणाले, वयाने भ्रम होतो." मलाही ते पटलं. दावं म्हणजे गुराला बांधायची दोरी. माझी आजी शेवटच्या आजारात अशीच, कधीच मेलेल्या म्हशीला पाणी दाखवा म्हणायची. फुलं विकली तरी शेतकऱ्याच्या घरची म्हातारी, तिला गोठा आठवणारच.

परतताना, काहीतरी बोलायचं म्हणून, मावशीकडे गुरं किती होती असं मी भाचीला विचारलं.

"गोरवां?" ती चमकून म्हणाली. "मावशीकडे केन्नाच गोरवां नासलीं. गोरवांचें नांव काडलें तर ती गाळी घालता."

डिचोलीच्या बाजारात एक सांड मोकळा फिरायचा. मावशीची नजर चुकली की तो तिच्या आबोलीच्या माळा खाऊन टाकायचा. असा तो वर्षानुवर्षं खात आला होता. त्यामुळे गोठ्यात पाय ठेवायचा नाही, गाईच्या पाठीवरून हात फिरवायचा नाही, वसुबारसेला भाचीच्या घरी गेली तर ओवाळायलासुद्धा लांबून. अशी ही बाई.

मी ड्रायव्हरला जीप थांबवायला सांगितली. जिने जन्मात गाय पाळली नाही, ती दावं कुणाचं सोडा म्हणते? आणि पाय कुणाचा दुखतो? डॉक्टर परगावचा, त्याला शब्द कळला नाही. आम्हा गाववाल्यांना शब्द कळला आणि तिथेच आमची फसगत झाली. दावं म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे गाय उभी राहते, माणूस येत नाही. आणि त्या पट्ट्या मी स्वतःच्या डोळ्यांनी बघून आलो होतो. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

ठाण्यावर येऊन भाचीची तक्रार रीतसर नोंदवली. बेकायदा अटकाव, कलम तीनशे बेचाळीस. ज्येष्ठांसाठीचा वेगळा कायदा तेव्हा नव्हता, तो पुष्कळ पुढे आला. पण माणूस म्हातारा झाला म्हणून दंड संहिता त्याला लागू व्हायची थांबत नाही. एक महिला शिपाई आणि दोन पंच घेऊन मी दुपारी परत गेलो.

बाईमाणसाचा जबाब ती राहते तिथेच घ्यावा लागतो. पण तिथेच म्हणजे व्यवस्थापकाच्या मांडीवर नव्हे. तो खोलीत यायला निघाला तसा मी त्याला बाहेरच्या बाकावर बसवला. आत महिला शिपाई आणि मावशी, दोघीच. थोड्या वेळाने शिपाई बाहेर आली. हिंमतीची मुलगी, दारुड्यांच्या कानाखाली आवाज काढणारी, पण तिचा चेहरा उतरला होता. मावशीने चादर बाजूला करू दिली होती. घोट्याभोवती कातडी सोलवटून काळी पडली होती. आणखी तीन-चार खाटांवर तेच.

कातडीवरचा वण कशाचाही असू शकतो, असं उद्या कोर्टात वकील म्हणणार. मला बांधणारा हात हवा होता. तिथे कामाला दोन आया होत्या. त्यातली एक दोडामार्गाकडची, तिशीची, अंगाने दणकट. चौकशी सुरू केली, तशी ती दगडासारखी गप्प बसली. दरडावून उपयोग नव्हता. घाबरलेल्या माणसाला आणखी घाबरवलं, की तो ज्याने पहिल्यांदा घाबरवलं त्याच्याच पदराआड जातो.

मी विषय बदलला. गाव कुठलं, घरी कोण, शेती किती. गुरं आहेत का विचारलं, तेव्हा ती जरा सैलावली. दोन म्हशी होत्या, एक गाभण. आमच्याकडे दाव्याची गाठ वेगळी मारतात, तुमच्याकडे कशी, असं म्हणून मी पडवीतल्या दोरीवरची एक पट्टी काढून तिच्या हातात दिली. समोर खुर्ची होती. तिने वाकून खुर्चीच्या पायाला वेढा घातला, पट्टी खालून घेतली, वर ओढली. हात सरावाने चालले. गाठ पुरी झाली आणि तिने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग तशीच जमिनीवर बसली.

"सैल बांदतंय, सायब," ती रडत म्हणाली. "फास बसाचो नाय अशीच बांदतंय."

मग सगळं बाहेर आलं. एक म्हातारा, पूर्वीचा खाणीवरचा ट्रकचालक, एकदा कुणाला न सांगता मयेचं तळं बघायला चालत गेला होता. तीन तास सापडला नाही. व्यवस्थापकाची पाचावर धारण बसली. तेव्हापासून त्याचा हुकूम, दुपारी जेवायला जाण्याआधी आयांनी चालणाऱ्या सगळ्यांना खाटेला बांधायचं. ही आया खाटेशी येऊन म्हणायची, चला, दावें लावया. तिच्या घरचा शब्द, तिने थट्टेत वापरला. दुसरा शब्द मावशीला कुणी दिलाच नव्हता, म्हणून तिने सुटका मागितली तीही त्याच शब्दात. ती भ्रमात नव्हती. त्या घरात सगळ्यांत नेमकं तीच बोलत होती.

व्यवस्थापकाने नाकारलं नाही. हीच गोष्ट मला जास्त बोचली. पट्ट्या लपवल्या नव्हत्या, रोज धुऊन उन्हात वाळत होत्या, कारण आपण काही वाईट करतो असं त्याला वाटतच नव्हतं. "ही सुरक्षितता आहे साहेब, त्यांच्याच भल्यासाठी," तो म्हणाला. मावशीला चवथीला का जाऊ दिलं नाही, तर पायाचा बभ्रा होईल. जाशील तर खाट दुसऱ्याला देईन, असं त्याने तिला बजावलं होतं. भाचीच्या उंबऱ्यावर कायमचा भार होण्यापेक्षा तिने खालमानेने नको म्हटलं.

मी त्याला एकच गोष्ट विचारली. बांधण्याआधी त्यांना विचारलं होतं का?

तो खरोखर बुचकळ्यात पडला. "त्यांना काय विचारायचं?"

मला राग आला. आयुष्यात पुष्कळ गुंडांवर आला नाही एवढा आला. गुंडाला निदान ठाऊक असतं की समोरचा माणूस आहे. याला ते आठवून द्यावं लागत होतं.

पुढचं सरळ झालं. वैद्यकीय तपासणी, पंचनामा, दोषारोपपत्र. आया साक्षीदार झाली आणि कोर्टात एक अक्षर फिरवलं नाही. गुन्हा शाबीत झाला. आश्रम काढणारं कुटुंब बाहेरगावी होतं, उंटावरून शेळ्या हाकत होतं. ते शरमलं आणि धावत आलं. दुपारच्या वेळेला दोन माणसं वाढवली. भेटीवरची बंदी उठली. पाहुण्याशी बोलताना आश्रमाचं कुणी शेजारी बसायचं नाही, असं ठरलं. ट्रकचालक आजोबांना संध्याकाळी तळ्यावर नेऊ लागले. दंड संहितेत यातलं काहीच लिहिलेलं नाही, पण मला शिक्षेपेक्षा तेच महत्त्वाचं वाटलं.

मावशी त्याच चवथीला इब्रामपूरला गेली. भाचीने आग्रहाने बोलावलं म्हणून मी दर्शनाला गेलो, तर म्हातारी ओट्यावर बसून पोराटोरांना माटोळीवरून झापत होती. कांगलांची फळं उलटी टांगली, सुपारीचा घड मधे हवा, तुम्हाला काही कळत नाही. पायाला पट्टी होती आणि पाय पसरून बसली होती, सगळ्यांसमोर. मला करंज्या खायला लावल्या, आणि मी तीन खाल्ल्या तरी पोलीस असून जेवत नाही म्हणून नावं ठेवली.

विसर्जनानंतर तिने आश्रमातच परत जायचं ठरवलं. भाची रडली. आम्ही एवढं केलं ते कशाला, असं मलाही क्षणभर वाटलं. पण तिचं म्हणणं साफ होतं. तिथे शेजारच्या खाटेवर मैत्रीण आहे, बाजार जवळ आहे, पायऱ्या नाहीत. आधी खाट जाईल या धाकाने ती तिथे राहिली होती. आता तिला राहायचं होतं म्हणून राहणार होती. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसेल.

काही महिन्यांनी एका बुधवारी बाजारातून फेरी मारताना फुलांच्या रांगेत ती दिसली. दुसरीच्या पाटीमागे बसून माळा ओवत होती आणि मधूनमधून रस्त्याकडे बघत होती, सांडावर लक्ष म्हणून असेल. एकटी बसने आली होती. मला बरं वाटलं, आणि तोंडातून आपसूक पोलिसी प्रश्न गेला. मावशी, कोणाला विचारून आलात?

तिने दोरा दातांनी तोडला, मान वर केली.

"कोणाक विचारूंक जाय?" म्हणाली.

खरंच, कोणाला विचारायला हवं? एवढी वर्षं कायदा राबवला, पण त्याचा अर्थ इतक्या थोडक्यात मला कुणी सांगितला नव्हता. जपण्याच्या नावाखाली आपण माणसाला किती सहज दावणीला लावतो, आणि गाठ सैल आहे म्हणून स्वतःला चांगलं म्हणवून घेतो. तेव्हापासून कुठल्याही वृद्धाश्रमात गेलो, की मी स्वयंपाकघर आणि देवघर बघत नाही. खाटेशी बसतो, बाकीच्यांना बाहेर पाठवतो, आणि म्हातारं माणूस जे बोलेल ते भ्रम समजण्याआधी एकदा खरं धरून पाहतो.

त्या दिवशी तिने मला आबोलीची एक माळ दिली. घरी बायकोने विचारलं, आज काय विशेष? मी म्हटलं, काही नाही, एक जुनी ओळखीची बाई बाजारात भेटली.